आबांचा पत्रा आणि मोसंबीची साल

निळा रंग आला की मी ओरडायचे. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, नांदेडचं कॉलेज, आणि लॅबमधली बाकीची मुलं-मुली माझ्या त्या ओरडण्याला पार वैतागली होती. पण मी तरी काय करू? ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत, खालचा फ्लास्क हलवत उभं राहायचं. आतलं पाणी बिटाच्या रसासारखं लाल. हात भरून येतो, मान दुखते, आणि मग एका थेंबाला सगळं पाणी निळंशार. कितीही वेळा बघितलं तरी मला जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखंच व्हायचं.

त्यामागचं गणित सोपं होतं. ब्युरेटमधलं द्रावण पाण्यातलं जस्त बांधून टाकतं; जस्त जितकं कमी, तितका निळा लवकर. निळा यायला उशीर झाला की समजायचं, जस्त अजून पाण्यातच आहे.

हे जस्ताचं पाणी सर आणायचे. नटबोल्टांना जस्ताचा मुलामा देणारं एक छोटं वर्कशॉप होतं, तिथलं धुण्याचं पाणी ते कॅनमध्ये भरून स्कूटरवर पायाशी ठेवून आणत. त्यातलं जस्त मोसंबीच्या सालीनं काढून दाखवायचं, हा माझा प्रोजेक्ट. जस्तावर हात बसला की पुढे शिसं, मग कॅडमियम, अशी सरांची यादी तयार होती. सर मितभाषी, तोंडात कायम लवंग. मी विषय ऐकून हसले होते. म्हटलं, सर, लोक रस पितात आणि साल फेकतात, एवढं मलाही कळतं. ते म्हणाले, "फेकलेल्या वस्तूचं मोल फेकणाऱ्याला विचारू नये."

कच्च्या सालीनं काही होत नव्हतं. पाण्याला पिवळा रंग यायचा आणि दोन दिवसांनी आंबूस वास सुटायचा. पण तीच साल वाळवून, दळून, चाळून कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात भिजत घातली, मग सोडा निघून जाईपर्यंत धूत बसलं, की ती बदलायची. पिवळा रंग सोडून द्यायची आणि धातू धरायला लागायची. पहिल्यांदा ते जमलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. अर्धी ब्युरेट रिकामी झाल्यावर येणारा निळा त्या दिवशी पाचसहा थेंबांतच आला. माझा विश्वास बसेना. पुन्हा केलं. पुन्हा पाचसहा थेंब. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून शिपाई धावत आला. त्याला वाटलं ॲसिड सांडलं.

सर आले, फ्लास्क उजेडात धरून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "छान. आता सांग, साल जस्तानं भरली की तिचं काय करायचं? ती पुन्हा उकिरड्यावर टाकणार असशील तर पाण्यातलं विष मातीत नेलंस, एवढंच." मला रागच आला. एवढ्या आनंदात कुणी असा प्रश्न विचारतं का?

पण सरांना चिडून चालणार नव्हतं, कारण माझं सगळं त्यांच्याच हातात होतं. त्यांच्याकडे पुढच्या दोन वर्षांसाठी संशोधनाची एक जागा येणार होती. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला काम पटलं, तर ती मला मिळणार होती. नाही पटलं, तर मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायला उभी राहणार, हे माझ्या वडिलांनी, आबांनी, त्या क्लासच्या मालकाला शब्द देऊन ठरवून टाकलेलं होतं. परीक्षेपर्यंतची मुदत काय ती मला मिळाली होती.

लातूरला तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. गल्लोगल्ली बोर्ड, बोर्डांवर पहिल्या आलेल्यांचे फोटो, घरोघरी खोल्या भाड्यानं आणि डब्यांच्या गाड्या. मीसुद्धा बारावीला तिथंच घोकंपट्टी केलेली. त्या क्लासांनी आमच्यासारख्यांची पोरं वर काढली, हे मी नाकारत नाही. पण ज्या खोलीत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच छापून ठेवलेलं आहे तिथं मला जन्म काढायचा नव्हता. निळा कधी येईल हे माहीत नसताना ब्युरेट सोडत उभं राहायचं, हेच मला हवं होतं.

आबांचंही चुकत नव्हतं. ते गवंडी होते. आमच्या गावातली निम्मी घरं, दगडमातीची, त्यांच्या हातची. आमचं स्वतःचं घर मात्र वर्षानुवर्षं अर्धवट. दुसऱ्यांची कामं संपली तर आपलं हाती घेणार ना. मी आठवीत असताना एका पहाटे भूकंप झाला आणि आबांनी बांधलेल्या भिंती माणसांवर पडल्या. आमच्या अर्धवट घराला दगडाच्या भिंती नव्हत्या, काटक्या-मातीचा कूड होता, म्हणून आम्ही वाचलो. त्या पहाटेनंतर आबांनी हातात थापी धरली नाही.

मदतीत आम्हाला पत्र्याची शेड मिळाली. पुढे औसा तालुक्यात नव्या वसाहतीत सरकारी स्लॅबचं घर मिळालं. बहुतेकांनी शेडचे पत्रे विकून टाकले. आबांनी ते एकेक करून उतरवले आणि नव्या घराच्या अंगणात पुन्हा शेड उभी केली. स्लॅबच्या घरात ज्वारीची पोती राहायची, माय चूल पेटवायची, आणि आबा झोपायचे पत्र्याखाली. कुणी टोकलं तर म्हणायचे, "पत्रा पडला तर माणूस मरत न्हाई." लातूरला त्याच क्लासच्या होस्टेलवर ते वॉचमन होते, तिथंही ते गेटबाहेर खुर्ची टाकून बसायचे. तीन मजली इमारत, पण आठ वर्षांत ते पहिली पायरी चढले नव्हते. आठवड्याची सुट्टी असली की घरी यायचे आणि आल्या आल्या शेडला चक्कर मारून पत्रे बघायचे.

परीक्षा जवळ आली तसं सरांनी सांगितलं की चिमूटभर भुकटीनं परीक्षक भुलायचा नाही, मोठ्या नळकांड्यात साल भरून कॅनभर पाणी सोडून दाखवावं लागेल. म्हणजे पोतीच्या पोती साल हवी. लातूरला क्लासच्या रस्त्यावर एका चाचांचं रसाचं दुकान होतं. त्यांच्या आजोबांपासून घरात फळांचाच धंदा. उन्हाळ्यात पोरांची झुंबड असायची आणि दुकानामागे मोसंबीच्या पिळलेल्या वाट्यांचा ढीग. मी मागितल्यावर ते म्हणाले, "सगळं घेऊन जा बेटी. रोज म्युन्सिपाल्टीचा माणूस शिव्या देऊन नेतो, तू तर हसून नेणार."

एवढी साल वाळवायची कुठे? नांदेडच्या होस्टेलच्या गच्चीवर एकदा चादर अंथरून वाळवली होती, तर वॉर्डनबाईंनी माशा आल्या म्हणून हाकललं. मग मी सरळ पोती औशाच्या गाडीत टाकली आणि घरी नेली. शेडला शिडी लावली, पत्र्यावर साल पसरली. आमच्या वसाहतीत सगळं पत्र्यावरच वाळायचं: मिरच्या, शेवया, कुरडया. पत्रा तापतो, एका दिवसात वस्तू खडखडीत. मायलाही त्यात वावगं वाटलं नाही. ती उलट वाट्या पालथ्या घालत गेली, वारा लागून उडू नयेत म्हणून. आबा लातूरला होते, उन्हाळी बॅचच्या गर्दीत त्यांना महिनाभर सुट्टीच नव्हती. महिनाभरात मी असे तीन घाणे काढले, त्यात एकदा वळवाच्या पावसानं भिजवलं, तरी वाळलं. शेवटची दोन पोती घेऊन नांदेडच्या गाडीत चढले तेव्हा कंडक्टरनं वास घेतला आणि लगेजचं तिकीट मागितलं. कचऱ्याला कसलं लगेज म्हणून मी लोहा गावापर्यंत त्याच्याशी भांडले. शेवटी तोच कंटाळला.

दळलं, चाळलं, सोड्यात भिजवलं, धुतलं. पाणी सोडलं. ब्युरेट लावली. आणि निळा येईना. अर्धी ब्युरेट गेली तरी लाल. आणखी सोडलं, लालच. निळा आला तेव्हा मी आकडा दोनदा वाचला. सालीतून गेलेल्या पाण्यात आधीपेक्षा जस्त जास्त होतं.

चार दिवस मी तेच तेच केलं. सोडा बदलला, पाणी बदललं, नळकांडं बदललं. प्रत्येक वेळी तेच. परीक्षेला आठ दिवस उरले होते. सर म्हणाले, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शांतपणे विचार कर, सालीत काय वेगळं झालं?" आणि माझ्या डोक्यात एकदम चाचा आले. त्यांनीच काहीतरी टाकलं असणार. माशा येऊ नयेत म्हणून पावडर, नाहीतर औषध. राग माझ्या नाकावरच असतो. सकाळची पहिली गाडी धरून मी लातूरला उतरले आणि पोरांच्या गर्दीत चाचांसमोर उभी राहिले. "चाचा, खरं सांगा, सालपटांत काय टाकलं तुम्ही?"

ते पिळायचे थांबले. "मीठ तर गिलासात टाकून राहिलो बेटी. कचऱ्यात कोण मीठ टाकतंय?"

पोरं हसली. मी आणखी चिडले, काहीबाही बोलले. चाचांनी एक मोसंबी कापली, पिळली, रस माझ्यापुढे ठेवला आणि रिकाम्या दोन वाट्या कागदात गुंडाळून हातात दिल्या. "ही घेऊन जा. माझ्या हातातून तुझ्या हातात. आता तपास." मी तोंड वाकडं करून वाट्या घेतल्या. रस घेतला नाही, याची मला अजून लाज वाटते.

आबांचं गेट तिथून हाकेच्या अंतरावर. पण काय सांगणार होते त्यांना? मी ओढणी डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या फुटपाथवरून सटकले. वाटलं, निदान मायजवळ बसून रडावं. म्हणून औशाची गाडी धरली.

माय अंगणातच होती. मला बघून तिनं 'कशी हायेस' सुद्धा विचारलं नाही. "आधी वर चढ अन् बघ, काय करून ठेवलंस. तुझ्या सालीनं पत्रा खाल्ला. तुझा बाप आला की मला खाईल."

मी शिडी चढले. पत्र्यावर गोल गोल डाग पडले होते. एकेका वाटीच्या कडेएवढा एकेक गोल, शेकडो, ओळीनं, मायनं पालथ्या घातल्या होत्या तश्शा. बाहेर पत्र्याची ती राखाडी चमक होती आणि गोलाच्या आत ती नव्हती. आत तांबूस गंज धरायला लागला होता. मी बोट फिरवलं. पत्र्याला गंजू नये म्हणून काय चढवलेलं असतं? मी एम.एस्सी. केमिस्ट्री, आठवीपासून या पत्र्याखाली झोपलेली बाई, मला ते शिडीवर उभं राहिल्यावर आठवलं. जस्त. पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो. आंबट रसाच्या वाट्यांनी तो पत्रा धुऊन काढला होता आणि निघालेलं जस्त सालीनं धरून ठेवलं होतं. मी नांदेडला जी साल नेली ती आधीच भरलेली होती. वर्कशॉपच्या आंबटसर पाण्याला तिनं स्वतःजवळचंच जस्त देऊन टाकलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि वर त्या गरीब चाचांवर आळ.

मी शिडीवरूनच ओरडले. लॅबमध्ये ओरडायचे त्याच्या दुप्पट.

"येडी झालीस काय?" माय खालून म्हणाली. "पत्रा सडला अन् तू हसून राहिलीस?"

मी खाली उड्या मारत आले आणि तिच्या गळ्यात पडले. तिला काय सांगितलं कोण जाणे, पण एक आठवतं, मी तिला दोनदा म्हणाले, "माय, तूच शोधलंस." ती म्हणाली, "म्या काय शोधलं? म्या तर शिव्या दिल्या." निघताना मात्र मी तिला बजावलं की आबांना इतक्यात सांगू नकोस, परीक्षा झाली की मीच सांगेन. दुसऱ्याला खरं सांगा म्हणून दटावणारी मी, स्वतः मूग गिळायला निघाले होते.

नांदेडला पोचले आणि थेट लॅब. चाचांच्या दोन वाट्या काचेच्या तबकात ओव्हनला वाळवल्या आणि त्याच रीतीनं तयार केल्या. निळा पाचसहा थेंबांत. मग पत्र्यावरच्या सालीची भुकटी घेतली, तिच्यावर थोडं ॲसिड घातलेलं स्वच्छ पाणी सोडलं. ज्या पाण्यात जस्ताचा कणही नव्हता, ते सालीतून खाली आलं तेव्हा जस्तानं भरलेलं. हे मी पहिल्याच दिवशी करून बघायला हवं होतं, पण घाई. ॲसिडचं पाणी सोडत गेले, सोडत गेले, आणि साल रिकामी होत गेली. रिकामी झालेली साल सोड्यानं परत धुतली आणि वर्कशॉपचं पाणी तिच्यातून सोडलं. पहिला थेंब, लाल. दुसरा, तिसरा. सहाव्याला निळा.

या वेळी मी ओरडले नाही. मी धावत सरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, भरलेल्या सालीचं काय करायचं ते कळलं. ॲसिडनं धुवायची. जस्त वेगळं काढून घ्यायचं, साल पुन्हा वापरायची. टाकायचीच नाही."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. लवंग या गालातून त्या गालात नेली. "हा तुझ्या प्रबंधाचा अर्धा भाग झाला," ते म्हणाले. "पण परीक्षक विचारेल, जस्त पत्र्यातूनच आलं कशावरून? तो पत्रा दाखवता येईल का?"

मी म्हणाले, नाही. तेवढं नाही. आबांच्या पत्र्याला कात्री लावायची हे मी तोंडातून काढूच शकत नव्हते. त्यापेक्षा तो प्रश्न आला तर गप्प बसेन, जागा गेली तर गेली. तसं मी घरी फोन करून मायजवळ बोललेही. वसाहतीच्या एसटीडी बूथवर ती आली होती. ती नुसतं हूं म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले. उंच, चष्म्याची काडी चावत बोलणारे. नळकांड्यातून पाणी सोडलं, निळा वेळेवर आला, आणि त्यांनी अगदी तोच प्रश्न विचारला. "पत्र्यावरचं जस्त म्हणता. आम्ही ते कशावरून मानायचं?"

मी तोंड उघडायच्या आत दाराशी कुणीतरी खाकरलं. आबा होते. वॉचमनचा खाकी शर्ट, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. आदल्या दिवशी घरी जाऊन आले होते आणि सकाळच्या गाडीनं लातूरहून निघाले होते. कॉलेजची इमारत दोन मजली, आमची लॅब वरच्या मजल्यावर. ते जिना चढून, स्लॅबखालून चालत आले होते.

"तुझ्या मायनं सांगितलं मला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. पोतं सोडलं. आत पत्र्याचा चौकोन होता. गवंड्याच्या हातचा, गुण्या लावून काटकोनात कापलेला, कुणाचा हात चिरू नये म्हणून चारी कडा दुमडलेल्या. त्यावर मोसंबीच्या वाट्यांचे सहा गोल. आबांनी तो परीक्षकांपुढे टेबलावर ठेवला. "हिच्या सालीनं खाल्लेला पत्रा हाय साहेब. तपासून घ्या."

परीक्षकांनी एका गोलावरून अंगठा फिरवला. मग बाहेरच्या चमकत्या भागावरून. मग पुन्हा गोलावरून. त्यानंतर त्यांनी मला पाऊण तास प्रश्न विचारले आणि मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. आबा दाराशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत.

संध्याकाळी सरांनी सांगितलं, जागा तुझी. आबांना बस स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "आबा, कुठला पत्रा कापला?"

"माझ्या खाटेवरचा," ते म्हणाले. "तिथं लई साफ उमटलं होतं." आणि क्लासच्या मालकाला आपण नाही म्हणून सांगणार असल्याचं त्यांनी गाडीत चढता चढता सांगितलं, जसं काही भाजीचा भाव सांगावा तसं.

चाचांची माफी मी पुढच्याच आठवड्यात मागितली. त्यांनी रस दिला, या वेळी मी दोन ग्लास प्याले.

मग पाऊस लागला. मी नांदेडला नव्या कामात, शिशाच्या पाण्यात बुडालेली, तर एका दुपारी मायचा फोन आला. मी आधी विचारलं, "शेड गळून राहिली का गं?"

"गळल न्हाई तर काय? सरळ तुझ्या बापाच्या खाटेवर धार. सुट्टीला आले, खाटेकडं बघितलं, वर भोकाकडं बघितलं. मग खाट उचलली अन् आत आणली. पोत्याजवळ."

"स्लॅबखाली?"

"हाव."

मी विचारलं, "झोप लागली का त्यांना?"

"मी फोनला निघाले तवा घोरून राहिले होते," माय म्हणाली.